दिव्यानीला झाकलं तेव्हा

१८ मार्च, चिचटोला

आले एकदाची. ब्रह्मपुरीहून काळीपिवळी जीपमध्ये बसले तेव्हा माझ्या मांडीवर बॅग आणि बॅगवर कुणाची तरी कोंबडी होती. तरी मजा आली. आमच्या गडचांदूरला सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं, एवढी सिमेंटची धूळ. इथे पळस फुललाय आणि हवेत मोहाच्या फुलांचा गोड, थोडा आंबूस वास आहे.

नोकरी अशी. गावाभोवती, तलावाच्या पाळीवर आणि मोहाच्या झाडांपाशी ‘राखण’ नावाच्या योजनेचे कॅमेरे आणि स्पीकर बसवलेत. वाघ दिसला की जवळच्या माणसांना सावध करायचं. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत मी बसणार, समोर पडदे आणि शेजारी एक कूलर, जो वारा कमी आणि आवाज जास्त देतो. तीन महिने नीट काम केलं तर पक्की होईन. आईला फोन करून सांगितलं की तुझी पोरगी आता आख्खं गाव सांभाळणार.

राहायला इंदुताईंकडे एक खोली मिळाली. त्यांनी लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. म्हणाल्या, खाय वो, दिव्यानीले लय आवडायचे. दिव्यानी कोण म्हणून विचारलं तर गावातलीच मुलगी, माझ्याआधी याच खुर्चीवर होती, दिवाळीत नोकरी सोडली. मग मी तिसरा वडा घेतला नाही.

२१ मार्च

अजय सर चंद्रपूरहून आले आणि काम समजावून गेले. ते आमचे साहेब, पण साहेबासारखे वागत नाहीत. बोलताना समोरच्याकडे नीट बघतात.

गावातल्या प्रत्येकाचा चेहरा नोंदवलेला आहे. माणूस दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट येते, वर नाव. वाघाला लाल चौकट. दोन्ही एका ठिकाणी आल्या की तिथला स्पीकर वाजतो. माणूस नसेल तर वाजत नाही, नाहीतर वाघ आवाजाला सरावतो.

‘राखण’चं ॲपही आहे, त्यात गावकरी सूचना लिहितात आणि भांडतात. तेही मीच सांभाळायचं. कोणी घाणेरडं लिहिलं तर ‘झाका’ म्हणून बटण आहे. झाकलेल्याला कळत नाही, त्याला आपलं लिहिलेलं दिसत राहतं, बाकी कुणालाच दिसत नाही. एक मात्र सरांनी दोनदा बजावलं. ॲपमधलं खातं आणि कॅमेऱ्यातला चेहरा एकच आहे. आख्खं खातं झाकलं तर कॅमेरा त्या माणसाला झाडा-दगडात जमा करतो. म्हणून झाकायचं ते लिहिलेलं. माणूस नाही.

स्पीकरवरचा आवाज दिव्यानीचा आहे. इथल्या बाया जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, ‘मोठा’ म्हणतात. तीही तसंच म्हणते: बायाहो, मोठा आला, टोपलं ठेवा, एकमेकीचा हात धरा, मागं फिरा, पळू नका. आवाज चांगला आहे. खोटं कशाला बोलू.

२६ मार्च

ॲपवर रण माजलंय. दिव्यानीनं लिहिलं की नाल्यावर हातपाय धुणाऱ्या बायांचं चित्रण ब्रह्मपुरीत फोनाफोनांवर फिरलं, ते बाहेर गेलंच कसं. बाई जंगलात फक्त मोह वेचायला जात नाही, ते सगळं कुणी बघायचं कारण नाही. कॅमेरे काढा असं ती म्हणत नाही. म्हणते, ग्रामसभेला विचारा, मोहापाशी कॅमेऱ्याचं तोंड वाटेकडे ठेवा, आणि जुनं चित्रण बायांच्या समोर पुसा.

एकानं लिहिलं, मनात चोर नसेल तर कॅमेऱ्याची भीती कशाला. त्याला गावातल्या बायनाबाईनं आवाज रेकॉर्ड करून उत्तर पाठवलं की मंग तुह्या संडासात लावतो एक. गाव दिवसभर हसत होतं.

मी योजनेतर्फे लांबलचक उत्तर लिहिलं. सुरक्षा, धोरण, गोपनीयता, सगळं घातलं. दोन वेळा खाडाखोड केली. कुणी वाचलंसुद्धा नाही. दिव्यानीच्या चार ओळींखाली मात्र आख्ख्या गावाची बदामं. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

३० मार्च

सरांना म्हटलं, आता ऑपरेटर मी आहे, तर स्पीकरवर आवाजही माझाच हवा. त्यांनी रेकॉर्ड केला, तलावावर वाजवून पाहिला. बाया धुणं टाकून खो खो हसल्या. एक म्हणाली, हे बातम्या सांगून राह्यली काय. सर पण हसले. म्हणाले, राहू दे मयुरी, त्या आवाजावर त्यांचा जीव आहे.

मग चहाला कुठे गेले, तर दिव्यानीकडे. तिची समजूत काढायला म्हणे. दोन तास समजूत चालली होती. परत आले ते तिचीच वाक्यं बोलत आले.

माझ्या पोटात जे दुखतं त्याला औषध नाही. तिची खुर्ची, तिचं ऑफिस, तिचे वडे, तिचा आवाज. आयत्या बिळावर नागोबा असं गाव मला म्हणत असणार. संध्याकाळी तिनं नवीन काहीतरी लिहिलं. मी वाचलंही नाही, झाकलं. इतकं थंड वाटलं म्हणून सांगू, कूलरनं कधी वाटलं नाही तसं.

२ एप्रिल

दिव्यानी ऑफिसात आली होती. पहिल्यांदाच समोरून पाहिली. सावळी, बारीक, कपाळावर मोहाखाली जाळलेल्या पाल्याच्या धुराची काजळी. म्हणाली, माह्या लिहिण्याले कोणीच काही बोलून नाई राह्यलं, काऊन असं? मी म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. तिनं मान हलवली. पानाच्या द्रोणात टेंभरं, म्हणजे तेंदूची पिवळी फळं, आणली होती, ती टेबलावर ठेवली. जाताना म्हणाली, मोहाकडे एकटी नको जाजो, मले हाक मार. एवढं चांगलं वागायची गरज होती का? भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सरांचा मेसेज आला. सोमवारी ग्रामसभा आहे, कॅमेऱ्यांच्या विषयावर दिव्यानी बोलणार. वरचे लोक तिला परत घ्यायचं म्हणताहेत, ‘तिच्यामुळे गावाचा विश्वास बसेल.’ पुढे लिहिलं होतं, तू काळजी करू नकोस, तुझं काहीतरी बघू.

काहीतरी बघू.

मी तिचं खातं उघडलं आणि झाकलं. आख्खं. चार-आठ दिवसांनी उघडीन. एवढ्यात काय होतंय?

६ एप्रिल

आज ग्रामसभा झाली.

पडद्यावर तिच्याभोवती चौकट येत नाही, ती येणारच नव्हती. पण परवा कोलूच्या किराणा दुकानात ती साबण मागत होती आणि कोलू तिच्या अंगावरून माझ्याकडे बघून विचारत होता, काय पाह्यजे बाई. तिनं पुन्हा मागितला. त्यानं ऐकलंच नाही. इंदुताई तिला घासून गेल्या, थांबल्या नाहीत. मला हसू आलं. वाटलं, माझ्यामुळे गावानं तिच्याशी अबोला धरला.

आज ती सभेत उभी राहिली आणि बोलली. छान बोलली, कागद न बघता. एकही मान वळली नाही. कॅमेरे आहेत तसेच ठेवायचा ठराव वाचून सरपंचांनी विचारलं, कुणाची हरकत आहे काय. ती म्हणाली, माही आहे. सरपंच म्हणाले, हरकत नाई, ठराव मंजूर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि मग फक्त माझ्याकडे. मी तिला दिसत होते आणि ती मला. आख्ख्या सभेत आम्ही दोघीच.

सरांनी मला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. कुणाला परत घ्यायचं होतं असं काही ते बोललेच नाहीत.

८ एप्रिल

सकाळी मोह वेचत होती. एकटीच. तिच्याबरोबर आता कोण जाणार?

लाल चौकट पडद्यावर डावीकडून आली. पडदा म्हणत होता, वाघ एक, माणूस नाही. स्पीकर गप्प. ती वाकलेली होती, पाठ तिकडे.

हातानं वाजवायचं बटण माझ्या बोटाखाली होतं.

मला वाटलं, थोडी भिऊ दे. थोडीच. मग वाजवते.

वाजवलं तेव्हा तिचाच आवाज सुटला, बायाहो, मोठा आला. पडद्यावर टोपलं तेवढं होतं. फुलं सांडलेली.

१० एप्रिल

कुणी शोधत नाही. मी सांगितलं, ओरडून सांगितलं, दिव्यानीला वाघानं नेलं. वनवाल्यांना नेलं तिथे, टोपलं दाखवलं. ते म्हणाले, कोणाचं होय हे? इंदुताई म्हणाल्या, कोण दिव्यानी वो? आपल्या गावात या नावाची नाई कोणी.

तिच्या आईकडे गेले. गिरजाबाई चुलीपाशी बसली होती. दोन ताटं मांडलेली. म्हणाली, मले पोरगी नाई, बाई. मग दुसऱ्या ताटाकडे बघत राहिली. म्हणाली, सकाळपासून दोन मांडून राह्यलो, दुसरं कोणाचं, ध्यानातच येत नाई.

मी रडले. खुर्ची माझी झाली, ऑफिस माझं झालं. स्पीकरवरचा आवाज कुणाचा म्हणून विचारलं तर सर म्हणाले, तुझाच नाही का?

रात्रभर उघडायचा प्रयत्न केला. ‘झाका’ परत फिरवते तर येतं — अशी व्यक्ती नाही.

१३ एप्रिल

भर दुपारी स्पीकर वाजला. मोहाकडचा. ऊन असं की कुत्रंही बाहेर नाही. पडदा पाहिला. लाल चौकट आणि तिच्यापुढे हिरवी. हिरवीवर नाव: दिव्यानी. ती पुढे चालत होती आणि तो मागे. तिला घाई नव्हती.

इंदुताईंना विचारलं, वाघानं नेलेल्या माणसाचं पुढे काय होतं. पाखडता पाखडता म्हणाल्या, माही सासू सांगे, मोठ्यानं नेलेलं माणूस त्याच्यापुढे चालते. ओळखीच्यायले हाक मारते.

ओळखीच्यांना. पण गावात आता तिला ओळखतं कोण?

मी. एकटी मी.

१४ एप्रिल

आज तलावावरचा वाजला. काल मोह, आज तलाव. इकडेच —

ॲपवर तिचं लिहिणं येतंय. फक्त मला दिसतं. मयुरी, मी इथीच आहो. मयुरी, टेंभरं खाल्ली काय.

१५ एप्रिल

पळून जायला सडकेवर उभी राहिले. काळीपिवळी आली. हात केला. थांबली नाही. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, म्हणजे — माझ्यातून. पुढचीही तशीच.

सरांना फोन लावला. उचलला, हॅलो हॅलो केलं, ठेवला. आईनंही. आई, मी बोलते, मी — ठेवला.

इंदुताईंनी माझ्या खोलीत धान्याची पोती आणून टाकली. मी पलंगावरच बसलेली होते.

माझं खातं उघडलं. नावाखाली लिहिलंय — झाकलेले.

मी नाही दाबलं. मी नाही.

१६ एप्रिल, दुपार

ऑफिसात आहे. कडी लावली. ओट्यावरच्या कॅमेऱ्यात दिसतं. लाल चौकट दाराशी. बसलाय. हिरवी त्याच्या बाजूला, उभी.

खोलीतल्या कॅमेऱ्यात मी. खुर्चीत. माझ्याभोवती काहीच नाही. माणूस नाही म्हणतो.

स्पीकर वाजत नाही. तिच्यासाठी वाजला, माझ्यासाठी कसा वाजेल —

बटण दाबून राह्यले. दाबून राह्यले. कोणी येत नाई. बाहेर बाया हसत चालल्या, अगदी खिडकीजवळून. ओरडले. एकीनंही —

कूलर बंद पडला.

कोणी हाक मारली. मयुरी. किती दिवसांनी माह्यं नाव घेतलं कोणी. बरं वाटलं मले, काय सांगू. भीती वाटून राह्यली अन् बरं वाटून राह्यलं.

ती म्हणते, तू दिसून राह्यली वो मले. टोपलं ठेव. पळू नको. हात धर.

कडी कोणी काढली, मीच काय —

पेन या हातात आहे, दुसरा दिला. किती गरम आहे तिचा हात, अन् याले नखं —