खंडेनवमीसाठी ठेवलेली चाकं

मंगळवार, दिवेलागण

आज शेवटी लाकूड कापायच्या कटर मशीनवर, पात्याशेजारच्या पट्टीवर ती दोन पिवळी चाकं बसवली. फळी पट्टीला दाबून धरतात, मागं उसळू देत न्हाईत. चार भोकं, चार बोल्ट. वीस मिनिटं लागली.

जुन्या जालन्यातून चाकं आणली त्याच दिवशी धाकटा भाऊ संतोष म्हणला होता, "दादा, आजच लावून टाकू." मीच अडवलं. "नवी वस्तू हाय, खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मांडू, मंग लावू." चाकांचा डबा महिनाभर देवाजवळ राहिला. परवा सागाची फळी उसळली आन् संतोषचा उजवा हात पात्यावर गेला. दोन बोटं गेली.

कोणत्या देवानं सांगितलं होतं थांबायला?

चाकं एकाच दिशेनं फिरतात. कोणतं कुठं, मला कळंना. संतोषनंच खाटेवरून सांगितलं, बराबर सांगितलं. रागावला बिलकुल न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फळी घातली, मागं ओढून पाहिली. हलली न्हाई. वीस मिनिटांचं काम.

रिकामा डबा फेकायला उचलला, तर त्याच्यावर कुंकू. आणला त्या दिवशी संतोषनंच लावलेलं, उजव्या हातानं. चारी बोटं साफ उमटलीत.