मंगल कार्यालयातला पुकारा

अकोला,
दि. २१ जुलै २०२५

प्रिय बाईस,
देवमनचा सप्रेम जय भीम.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नीट झालं, हे मायानं फोनवर सांगितलं. पट्टी आहे म्हणजे ती तुझ्याजवळच असणार, आणि हे पत्रही तीच तुला वाचून दाखवणार. माया, पोरी, सावकाश वाच. मामा मधेच थांबला तर तूही थांब.

बाई, तू विचारलंस, "घरी कवा येऊ?" घाई करू नको. गावात फार चिखल आहे. धूळही आहे.

आज मी अकोल्यात आहे. अमरावतीला तुझ्याकडं यायचं सोडून इकडं आलो, यातच काय ते समज. कोर्टासमोरच्या ज्या लिंबाखाली माझं टाइपिंगचं टेबल होतं, तिथंच बसून लिहितो. वीस वर्षं इथं लोकांचे अर्ज टाइप केले. वकील काय बोलतो, पक्षकार काय गिळतो, सगळं या कानांनी टिपलं आणि त्या जोरावर पुढं मंगल कार्यालय बांधलं. तू म्हणायचीस, आमच्या देवमनचे कान सशाचे.

आपल्या तालुक्याला जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय व्हावं म्हणून गावोगाव सह्या गोळा करत मीच फिरलो. पहिला अंगठा तुझा. शासन निर्णय आला तेव्हा तुला वाचून दाखवला होता: पदं इतकी, आवर्ती खर्च इतका, अनावर्ती इतका. तू विचारलंस, "आवर्ती म्हंजे काय रे?" मी म्हटलं, दरवर्षी पुन्हा पुन्हा येतो तो. तू म्हणालीस, "मंग आपल्या तारखेसारखाच." किती हसलो होतो आपण.

इमारतीचा खर्च मंजूर होता, पण जागाच नव्हती. म्हणून कोर्ट माझ्या कार्यालयात भाड्यानं आलं. स्टेजवर जजसाहेब, वधूपक्षाच्या खोलीत फायली, भिंतीवर हळदीचे डाग तसेच. जजसाहेबांची खुर्ची मंजूर, एसी मंजूर. नावं पुकारणाऱ्या शिपायाचं पद मात्र वरून कापलं. ते काम 'बाह्ययंत्रणेद्वारे' करून घ्यावं म्हणे. मग एजन्सीनं प्रीतमला पाठवलं. नाशिककडचा, दोन लेकरांचा बाप, भला माणूस. हॉलच्याच माइकवरून पुकारा करतो. लोक मागून ओरडतात, "नवरदेव आला का?"

तुझ्या घराचं अपील अमरावतीहून आपल्या या नव्या कोर्टात आलं. तुझा वकील इतक्या लांब यायला तयार नव्हता. मीच म्हटलं, तू डोळ्यांचं बघ, तारखेला येऊ नको. पुकारा माझ्याच छताखाली होणार आहे. मी उठतो, हजर म्हणतो, पुढची तारीख मागून घेतो.

बारा जूनला प्रीतमनं पुकारलं, "पार्वतीबाई वानखडे!" तुझं आपल्याकडचं पार्बता हे नाव त्याच्या जिभेवर बसत नाही. मला वाटलं, दुसरी कुणी असेल.

माया, थांब जरा. बाईला पाणी दे.

वरचं खोटं आहे, बाई. पहिल्याच हाकेला मला कळलं होतं. "विरुद्ध शालिकराम वानखडे," तुझ्या दिराचं नाव तर त्यानं अगदी स्वच्छ घेतलं. माझ्या शेजारी भाड्याच्या कराराचं बघणारे साहेब बसले होते. त्या कराराच्या शेवटच्या पानावर माझी सही आहे: माझ्या जवळच्या नातेवाइकाचं एकही प्रकरण या न्यायालयात नाही. उठलो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, ह्या तुमच्या कोण? तीन वेळा पुकारा झाला. मी साहेबांच्या कपात चहा ओतत होतो. कप भरला, बशी भरली, चहा सतरंजीवर गेला. साहेब म्हणाले, "देवमनजी, ध्यान कुठं आहे?"

अपील गैरहजेरीत खारीज झालं. घर खाली करण्याला मिळालेली स्थगितीही त्यासोबत गेली. अपील पुन्हा चालवा म्हणून तीस दिवसांत अर्ज करता आला असता, पण त्यावर तुझा अंगठा घ्यावा लागला असता. म्हणजे तुला सांगावं लागलं असतं. तेही दिवस गेले. आज इथल्या जुन्या ओळखीच्या वकिलाला विचारलं. म्हणाला, "उशीर माफीचा अर्ज टाकतो, देवमनभाऊ. पण आयकन कोन? तुमच्या जजसायबाची तर बदली झाली." खरं आहे. पद मंजूर, खर्च मंजूर, आणि स्टेजवर रिकामी खुर्ची. एसी चालू असतो.

गुरुवारी बेलीफ आला. सोबत शालिकराम. मला म्हणतो, "काहून भाऊ, तुमचं कोर्ट तं लय फास्ट हाय!" चाळीस वर्षांचं तुझं घर अर्ध्या तासात रिकामं झालं. पेटी, भांडी, बाबासाहेबांचा फोटो, भावजींची सायकल, सगळं मी माझ्या हातानं उचलून आणलं. वधूपक्षाच्या खोलीत फायलींच्या बाजूला ठेवलं आहे. उखळ जमिनीत बसवलेलं होतं, ते निघालं नाही.

करार परवा आणखी तीन वर्षांसाठी वाढवून मिळाला. मी सही केली. तेच शेवटचं पान होतं.

तुझ्या पदराला किल्ली बांधलेली आहे, ती असू दे. कुलूप बदललं आहे. माझ्याकडं ये असं म्हणायला मला तोंड नाही.

डॉक्टरांनी पंधरा दिवस डोळ्यांना पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितलं आहे. माया, आधी एकटीनं वाच, असं मी अगदी वर लिहायला हवं होतं. आता तर वाचून झालं.

तुझा,
तिन्ही हाका ऐकलेला
देवमन