करवत न छाटता

मंगळवार, ४ मार्च
जाळ्यात करवत मासा आला. मारायला बंदी आहे, म्हणून लोक नाकाची लांब करवत छाटतात, जाळं वाचवतात आणि मासा सोडला म्हणून सांगतात. करवतीशिवाय तो खाणार काय? उपाशी मरतो. दादाने कोयता उचललाच होता. मी हट्टाला पेटले – जाळं काप, करवत नको. "डोकं फिरलंय तुझं," म्हणाला, पण ऐकलं. नेहमी ऐकतोच माझं.

मी इंजिन बंद केलं. मासा पाण्यातच ठेवून दादा एकेक दोरा कापत गेला. शेवटच्या दोऱ्याला माशाने झटक्यात तोंड फिरवलं. मासा सुटला. दादाचा उजवा हात तळव्यापासून मनगटापर्यंत फाटला.

बुधवार
डोळ्याला डोळा नाही. दवाखान्यात वहिनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातला डबा घेतला नि बाकावर ठेवून दिला.

शुक्रवार, ७
डॉक्टर म्हणाले, दोन बोटं वळणार नाहीत. तिसऱ्याचं बघू. त्याच हाताने जाळी विणायचा तो! घरात चैन पडेना म्हणून होडीवर जाऊन बसले. तिथेही पडेना. धुतलेली होडी पुन्हा धुतली.

रविवार, ९
वहिनी बोलली एकदाची. "मासा वाचला ना? झालं तर मग." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ठरलं. पुन्हा सापडला तर करवत मीच छाटणार. खड्ड्यात गेला तो मासा.

शनिवार, १५
दादा घरी आला. माशाबद्दल अवाक्षर नाही. मीही विषय काढत नाही. डाव्या हाताने चहा सांडतो आणि माझ्याकडे बघून हसतो. ते हसणं नको वाटतं मला.

गुरुवार, २०
दुपारी शेजारच्या होडीवाल्याचा फोन, थेट समुद्रातून. करवत मासा सापडलाय – "तुमच्या दादाचा सूड घेतो, करवत आणून देतो, लावा भिंतीला!" मी हो म्हणणारच होते. दादाने फोन ओढून घेतला. "करवतीला हात लावायचा नाही. वर ओढायचा नाही. आलोच."

वहिनी दारात उभी. बाजूला झाली.

होडी मी चालवत होते. दादा शेजारी, डाव्या हातात सुरी.

"हात माझा गेलाय, तू कशाला थरथरतेस? या वेळी आधी करवतीला दोरी बांधू. तू धर. मी कापतो."