कोऱ्या तळाचे बूट

निर्मळ, नोव्हेंबर १९७४

प्रिय ॲनी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींत एक इंग्रजी वाक्प्रचार तेवढा विचारलास, बाकी सगळं गाळलंस. असू दे. निवृत्त मास्तराला कुणी काही विचारलं की त्याचं पोट भरतं. तर 'ऑन हिज अपर्स'. बुटाचा वरचा चामडी भाग म्हणजे अपर. तळ झिजून गेला, नुसतं वरचं कातडं उरलं आणि माणूस तसाच चालतोय, म्हणजे तो अगदी कफल्लक झालाय. जन्माच्या गरिबाला हे सहसा लावू नये, बरे दिवस पाहून खाली आलेल्याला लावावं. वाक्यात उपयोग तुझा तू कर.

पण तुझ्या वर्गातल्या मुलांना हेही सांग, की आमच्या वसईत हा वाक्प्रचार उलटा जन्मला असता. माझ्या तरुणपणी इथल्या गरिबाच्या बुटाचा तळ कधी झिजायचाच नाही. रविवारी केळीच्या वाड्यांतून माणसं अनवाणी यायची, बूट नाडीनं बांधून गळ्यात. चर्चच्या विहिरीवर पाय धुवायचे, पुसायचे, मग बूट चढवायचे. मिस्सा संपली की पुन्हा गळ्यात. माझा जोड तर माझ्या बापाच्या लग्नातला. वाटेनं मी शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायचो, आणि केळीची पानं माना डोलवायची. तुझी आई म्हणते, तो वारा होता.

गुडघे टेकले की मात्र बिंग फुटायचं. मागच्या बाकावरून तळ दिसायचे. वरचं कातडं भेगाळलेलं आणि तळ कोरा करकरीत! एका सणाला तुझे आजोबा बर्नार्ड माझ्या मागे बसले होते. पुढे तुझ्या आईसाठी माझं नाव निघालं तेव्हा त्यांच्या घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. म्हातारा म्हणाला, "अरे, जो बुटाला इतका जपतो, तो पोरीला जपणार नाही?"

ईस्टरला तू ज्युलियसला घरी आणलंस. तो गेल्यावर आई म्हणाली, "मास्तराच्या पोरीनं सांडोरात जाऊन भाजीच्या टोपल्या वाहायच्या?" मी गप्प राहिलो. तेव्हापासून तू आली नाहीस.

गेल्या रविवारी तो सांडोरहून इथल्या मिस्साला आला, नेमका माझ्या पुढच्या बाकावर. हल्ली सगळे रबरी चपला घालतात, त्याच्या पायांत जुने काळे बूट. त्यानं गुडघे टेकले, आणि ॲनी, माझी प्रार्थना तिथेच थांबली. बाहेर आल्यावर हात जोडून म्हणाला, "मास्तर, ॲनी बरी आहे ना?" बस. स्वतःसाठी एक शब्द नाही. वळणापलीकडे जाऊन त्यानं बूट काढलेले मी पाहिले. घरी येऊन आईला सांगितलं. तिला माझ्या आधी तिचा बाप आठवला असणार.

वाक्प्रचाराचा अर्थ तुझ्या शाळेतल्या शब्दकोशातही होता, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. बाप अजून बोलतो का, एवढंच तू चाचपून पाहिलंस. तर बोलतो. नाताळात दोघं मिळून या. फादरांच्या कानावर घालतो, नव्या वर्षात चर्चमध्ये लग्नासाठी तुमची नावं पुकारू देत. आणि हो, आई आतून विचारतेय, ज्युलियसला तिखट चालतं का? उलट टपाली कळव.

तुझाच,
बाबा