झाग्रेबच्या मुलीला गेलेला अल्बम

अण्णा, तुमचा तिकिटांचा अल्बम सापडला. तुम्ही गेलात तेव्हा ज्याच्यासाठी मी घरातली सगळी कपाटं उपसली होती, आईला विचारून विचारून रडवलं होतं, तोच अल्बम. तो इथे शिकागोजवळ आहे, शॉमबर्गमधल्या आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. एका बाईकडे आहे, आणि ती बाई माझ्याच वयाची आहे.

झालं असं, की गेल्या मार्चमध्ये एका रविवारी मी लेकीला घेऊन लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले होते. खालच्या हॉलमध्ये तिकीट जमवणाऱ्यांच्या एका क्लबचं प्रदर्शन होतं. मी थांबणार नव्हते. लेकच आत शिरली आणि काचेच्या एका चौकटीसमोरून मला हाक मारत म्हणाली, "मॉम, दीज आर मराठी नंबर्स." मी जाऊन बघितलं. पिवळट कागदावर तिकिटं चिकटवलेली, खाली निळ्या शाईत तुमचं उजवीकडे झुकलेलं इंग्रजी, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तुम्ही घातलेले १, २, ३. वर पाटी होती, क्रोएशियन प्रदेशांतलं टपाल. पहिल्या पानावर ऑस्ट्रियाच्या बादशहाची तिकिटं, पुढे हंगेरीची, त्यापुढे तीच हंगेरीची तिकिटं पण त्यांवर घाईघाईने काळ्या अक्षरांत छापलेलं 'हर्वात्स्का', म्हणजे क्रोएशिया. त्यानंतर युगोस्लाव्हिया. कितीतरी पिढ्या पत्रं टाकत राहिल्या, पण पत्रांवर तिकीट कायम दुसऱ्या कुणाचंतरी.

ही पानं मी याआधी एकदाच जवळून पाहिली आहेत. मी नऊ वर्षांची आहे, आपण तालुक्याच्या पोस्टामागच्या क्वार्टरमध्ये राहतोय. रविवारची सकाळ, तुम्ही खिडकीशी बसून चिमट्याने तिकिटं लावताय आणि आई आत भाकऱ्या थापतेय. क्रोएशियातल्या झाग्रेबचं एक पत्र चुकून आपल्या पोस्टात आलं होतं. ते तुम्ही चिठ्ठी जोडून परत पाठवलंत, आणि पाठवणारा निघाला तिथल्या पोस्टातलाच कारकून. तेव्हापासून तुमची दोस्ती. मला हे सगळं आईकडून कळलेलं. त्या दिवशी मी काळ्या अक्षरांच्या तिकिटावर बोट ठेवलं, माझे हात चिक्कीने चिकट होते, आणि तुम्ही माझा हात झटकलात. म्हणालात, "तुला यातलं काही कळायचं नाही. जा, आईला मदत कर." तुमचा आवाज चढलाही नव्हता. मी गेले आणि पुन्हा कधी त्या खिडकीकडे आले नाही.

चौकटीजवळ उभी असलेली बाई माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, हे अक्षर माझ्या वडिलांचं आहे. तिने माझे दोन्ही हात धरले आणि ती तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागली. ती झाग्रेबच्या त्या कारकुनाची मुलगी, आता इथेच स्थायिक झालेली. तिचे वडील वारले तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत तुम्हाला तसं कळवलं होतं. तुम्ही तिला उत्तर लिहिलंत, आणि मग लिहीतच राहिलात. बादशहाच्या काळात शिक्क्यावर झाग्रेबचं नाव आग्राम का असायचं, समुद्राकाठचा मुलूख व्हिएन्नाकडे आणि आतला बुडापेस्टकडे कसा गेला, हे तिला तिच्या शाळेने नाही, तुम्ही शिकवलंत. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांनी लिहिलं होतं, तिकीट परक्याचं असलं तरी शिक्का आपल्या गावाचा असतो. मी ते माझ्या मुलांनाही सांगते." माझ्या मुलीने मला विचारलं, आजोबांनी तुला हे सांगितलं होतं का. मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

पण मी परत गेले. पुढच्या शनिवारी एकटीच तिच्या घरी गेले. तिने कॉफी केली, अक्रोडाचा केक कापला आणि तुमच्या पत्रांचा खोका पुढे ठेवला. अण्णा, पत्रं आठ-आठ पानांची आहेत. तुम्ही त्यात विनोद करता. तिला गणित जमत नाही म्हणून समजूत घालता. मला पुण्याच्या हॉस्टेलवर तुमची अंतर्देशीय यायची, त्यात चार ओळी असायच्या, आणि त्यातली शेवटची 'प्रकृतीस जपणे'. मीही त्यांना उत्तर लिहायचे नाही, हे खरं आहे. ती मात्र पत्र मिळालं की त्याच आठवड्यात लिहायला बसायची. एक्क्याण्णव साली मी पहिल्या नोकरीची बातमी घेऊन घरी आले होते. तुम्ही रेडिओला कान लावून बसला होतात, "बरं झालं" म्हणालात आणि पुन्हा रेडिओकडे वळलात. मला वाटलं, तुम्हाला बरं नाहीये. आता कळलं, तिच्या देशात युद्ध पेटलं होतं आणि तुम्ही तिच्या पत्राची वाट बघत होतात. ते आलं, देश वेगळा झाल्यावरचं नवं कोरं तिकीट लावून आलं, आणि तुम्ही आनंदाने तिला अख्खा अल्बम पाठवून दिलात. सोबतच्या पत्रात लिहिलंत की हा आता खऱ्या मालकाकडे जायला हवा. ते वाक्य मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तीनदा वाचलं. खोका खिडकीबाहेरच्या बर्फात भिरकावून द्यावा असं वाटलं. मी केकची स्तुती केली.

निघताना तिने मला आणखी एक पाकीट दाखवलं. ते तिने प्रदर्शनात लावलं नव्हतं. तिने तुम्हाला पाठवलेलं, बंदच परत आलेलं. पत्त्यावर तिरकी रेघ आणि इंग्रजीत दोनच शब्द: मयत, परत. तुम्ही गेल्याचं तिला त्यावरून कळलं. ती म्हणाली, "किती वर्षं मी हे शब्द लिहिणाऱ्या तुमच्याकडच्या पोस्टातल्या माणसाचा विचार करते. निदान एक ओळ लिहायला काय हरकत होती?" मी म्हटलं, पोस्टात कामाचा फार बोजा असतो, तो कुणी नवखा माणूस असेल. तिने मान हलवली आणि पाकीट जपून आत ठेवलं.

अण्णा, तुमच्यानंतर दोन महिन्यांनी ते पाकीट घरी आलं होतं. आई म्हणाली, पोरीला दोन ओळी लिही, ती वाट बघत असेल. मी हो म्हटलं. मग ओट्यावरच पाकीट ठेवून पेन घेतलं. पाठीमागे तिचं नाव होतं, आणि तुमच्या नावाने येणाऱ्या पाकिटांवर वाचून वाचून ते मला चांगलं ठाऊक होतं. ते दोन शब्द मी लिहिले, आणि लिहिताना मला बरं वाटलं.