गाडीच्या तोंडाचं माप

तीर्थरूप मामांच्या चरणी (चरण जपा, गाडी आमच्याकडे असल्यामुळे सध्या तेच कामाला लागले असतील) तुमच्या एकुलत्या एक आणि तुमच्याच मते वाया गेलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे? तिकडचं पाणी मानवलं का? फोनच केला असता, पण तुमची जुनी कवळी फुटल्यापासून फोनवर तुम्ही आशीर्वाद देताय की शिव्या ते कळत नाही. इकडे आई बरी आहे, बाबा नको तितके बरे आहेत, आणि तुमची गाडीही ठणठणीत आहे. ती ठणठणीत कशी राहिली, हे सांगायलाच हे पत्र.

आमच्या दारात गाडी लावून जाताना तुम्ही केवढं बजावलं होतं! दार हळू लावा, काच कोरड्या फडक्याने पुसा, सीटवर ओल्या पँटने बसू नका. रविवारी तुम्ही थेट आमच्याकडे येणार, बाबांनी केलेले नवीन दात लावणार, गाडीत बसणार आणि ऑफिसातल्या तुमच्या निरोपसमारंभाला जाऊन भाषण ठोकणार. तेव्हा गाडी फुल चार्ज पाहिजे. सगळं सांगितलंत, आणि तिची घरी चार्ज करायची वायर मात्र स्वतःच्या बॅगेत घालून घेऊन गेलात. (बरोबरच आहे. परगावी माणसाला टॉवेल नसला तरी चालतो, गाडीची वायर हवीच.)

म्हणून मी गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या चार्जिंग स्टेशनला गेलो. तिथे एक बाई बसतात, सगळे त्यांना चार्जिंगवाली म्हणतात. त्यांनी झाकण उघडलं आणि डॉक्टर घसा बघतात तशी मान वाकडी करून आत बघितलं. तुमच्या गाडीला दोन तोंडं आहेत म्हणे. एक छोटं, पाच भोकांचं, त्यातून सावकाश चार्ज होते. दुसरं मोठं गोल, त्यातून झटपट. आणि स्टेशनच्या झटपट वायरीला वर सात भोकं, खाली दोन जाडजूड. सावकाशवाल्या वायरीला नुसती सात. म्हणजे कुठलंच तोंड कुठल्याच घासाला लागत नाही! इतकी वर्षं तुम्ही आमच्यासमोर "इम्पोर्टेड, इम्पोर्टेड" म्हणून मिरवत होतात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. जिला इथलं काहीच लागू पडत नाही, ती इम्पोर्टेड.

बाई म्हणाल्या, सावकाशवाल्यासाठी मधला छोटा ॲडाप्टर मिळतो, मी मागवते, दोन-चार दिवस थांब. आणि वर ताकीद दिली की घरी काही जोडाजोड करायची नाही. नुसता आकार जुळून भागत नाही. गाडी आणि मशीन आधी बारीक पिनांमधून एकमेकांशी बोलतात, तू किती देतोस, मी किती घेते, सगळं ठरतं, आणि मग करंट सुटतो. (आमच्या घरात हे उलटं आहे. आधी करंट सुटतो.)

मी हे घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. पण तुम्हाला माहीतच आहे, माझ्या खऱ्या बोलण्याला या घरात काय मान आहे. दूध उतू चाललंय म्हटलं तरी आई गॅसकडे बघायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते. बाबा तर हसलेच. "गाड्या बोलतात म्हणे! अरे, अख्ख्या गल्लीच्या कवळ्या मी केल्यात. तोंड आहे ना? मग त्याचं माप घेता येतं."

आणि घेतलं हो! कवळीचं माप घ्यायची ती गुलाबी लगदी कालवून बाबा गाडीपुढे उकिडवे बसले. मी टॉर्च धरून उभा. सवयीने गाडीला म्हणाले, "आ करा. हं, आता हलायचं नाही." आई पायरीवरून ओरडली, "अहो, ती दादाची गाडी आहे, पेशंट नाही!" तर म्हणाले, "पेशंटपेक्षा बरी आहे, मध्ये बोलत नाही." (बोलते, हे मी पुन्हा सांगून बघितलं. मला गप्प बसायला सांगण्यात आलं.) माप सुरेख निघालं, फक्त एका भोकात थोडी लगदी राहिली. ती मी आईच्या प्लास्टिकच्या विणायच्या सुईने तासभर कोरून काढली. दुसऱ्या दिवशी बाबा वाडगं घेऊन स्टेशनवर गेले आणि तिथल्या सावकाशवाल्या वायरीचंही माप घेऊन आले. चार्जिंगवाली एवढंच म्हणाली, "काका, हिला कुठे दुखतंय?"

मग बाबांनी गाडी आणि वायर जोडणारी वस्तू बनवली. हिरड्यांच्या गुलाबी प्लास्टिकची. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला सात, आत जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार. पॉलिश असं, की दाखवून हसावंसं वाटेल. कापूस घालून ती डब्यात ठेवली, आणि फळीवर तिच्या शेजारीच, तसल्याच डब्यात, तुमचे नवीन दात. रविवारच्या आधीच नवीन दातांनी भाषणाची प्रॅक्टिस करता यावी म्हणून दातांचा डबा तुम्हाला पुढे पाठवायचं काम माझ्याकडे आलं. काल तो मी पार्सलने पाठवला.

आज सकाळी बाबा दुसरा डबा घेऊन माझ्याबरोबर स्टेशनवर आले. रांगेत बरीच माणसं होती. बाबांनी सगळ्यांना मागे सरकायला लावलं, दोन शब्द बोलले (दोनशे असतील), आणि डबा उघडला. आत तुमचे दात. वरचे आणि खालचे, बाबांकडे बघून मनमोकळे हसत होते. चार्जिंगवालीने वाकून नीट बघितलं आणि विचारलं, "काका, हा कुठला टाइप?"

मामा, बाबांनी झाकण लावलं. डबा खिशात घालून ते चालत घरी गेले. बाईंनी मागवलेला ॲडाप्टर तेवढ्यात आलाच होता, तो लावला. गाडी आणि मशीन जरा वेळ आपसात काही बोलली असतील, मग टिक् झालं आणि हिरवा दिवा लागला. सावकाश चालू आहे. हे पत्र मी तुमच्या बॉनेटवर वही ठेवून लिहितोय. (फडकं घातलंय खाली, ओरडू नका.) ते इतकं लांबलं, त्याचा दोष ह्या छोट्या तोंडाचा.

तुमचा आज्ञाधारक (हसू नका, सध्या शोभणार नाही),
भाचा

ता. क. पार्सल मिळालं असेलच. आतली गुलाबी वस्तू तोंडात बसवून बघू नका. दात उद्या निघतील.

ता. क. दुसरा. डबे चुकून बदलले असं बाबा समजतात. आईने पार्सलला सुतळी बांधताना माझ्याकडे बघितलं आणि गाठ जास्तच घट्ट मारली. ती वस्तू गाडीत गेली असती तर एकतर काहीच झालं नसतं, नाहीतर सगळंच झालं असतं. यातलं कुठलं, ते तुमच्या गाडीवर आणि बाबांच्या हातावर बघायची माझी तयारी नव्हती. माझं खरं कुणी ऐकत नाही, खोडी मात्र हमखास लागू पडते.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हे. पत्र मिळताच बाबांना फोन करा. तुमचं बोलणं स्पष्ट नसलं तरी चालेल, त्यांना कवळी नसलेल्यांची भाषा येते. सांगा, वस्तू इतकी आवडली की परत देणार नाही, घरच्या शोकेसमध्ये ठेवणार. आणि हेही सांगा की तुम्हाला सावकाश चार्जिंगच आवडतं. कारण दुपारी घरी डोकावलो तेव्हा बाबा पुन्हा लगदी कालवत होते, मोठ्या गोल तोंडासाठी. आणि या खेपेला डब्यांवर ते स्वतः नावं लिहिणार आहेत.