दुसरा रुमाल

सोमवार, संध्याकाळ

खंडव्याच्या पॅसेंजरला सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. तरी रोजच्यासारखे खिडकीतून दोन रुमाल टाकून दोन जागा धरल्या. दुसरी माझ्याबरोबर रोज येणाऱ्या वामनरावांची. भाषावार नवं राज्य झालं तसे ते बदली मागून नागपूरला गेले. शनिवारी मीच त्यांना गाडीत बसवून आलो. मग हात असा कसा चालला?

कडेवर पोर घेतलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, इथं कोणी येऊन राहिलं का?"

"येताहेत," म्हणालो. का म्हणालो?

"गाडी तर सुटली. आता कोण येते? उचला रुमाल."

उचलला. वाईटसुद्धा वाटलं नाही.

आत्ता हिने दोन रुमालांच्या घड्या करून माझ्या कोटाच्या खिशात ठेवल्या. उद्या एकच लागेल, हे सांगायला तोंड उघडलं नाही.